कुजबुजराव कुणाशी बोलले?

६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे, त्यामुळे कागदावरून कोंबडी चालत गेल्यासारखं दिसतंय. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. उजवी टाचही दुखावली आहे, पण ती बरी होईल म्हणतात. तुझ्या आईला मात्र आत्ताच सांगू नकोस. ती येईल, रडेल आणि माझंच पथ्य मला रांधायला लावेल.

झालं ते असं. नव्या नाटकात शिपाई आहेत, त्यांचे जुने डगले पोटमाळ्यावरच्या पेटीत होते. आमचा कपडेपट तू लहानपणी पाहिला आहेस. रंगमंचामागची ती उंच खोली, एका भिंतीला लाकडी माळा. तिथला लोखंडी जिना गेल्या वर्षी काढला आणि आम्हाला एक शिडी दिली. फरशी गुळगुळीत असल्यामुळे शिडी कुणीतरी धरावी लागते. मॅनेजरसाहेबांनी ते काम प्रॉम्प्टरकडे दिलं, कारण दिवसा ते रिकामे असतात. प्रॉम्प्टर म्हणजे आमचे कुजबुजराव. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं हळूच पुरवायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. खरं नाव आता त्यांना स्वतःला तरी आठवतं की नाही, कोण जाणे.

मी माळ्यावर बॅटरी ठेवून एकेक डगला खाली देत होते आणि ते टेबलावर नेऊन ठेवत होते. शेवटचा डगला घेऊन ते गेले तशी मी उतरायला वळले. एक पाय माळ्यावर, दुसरा शिडीवर टेकवत होते. तेवढ्यात खालून त्यांचा आवाज आला. अगदी शांत, नेहमीसारखा. "उतरलात? बरं झालं. शिडी बाजूला करतो मग." आणि केली की बाजूला.

मला ओरडताही आलं नाही. सवयीने तोंडात टाचण्या धरल्या होत्या. गिळल्या नाहीत हे नशीब.

भिंगरी, मनगटापेक्षा मला दुसरीच गोष्ट छळते आहे. मी वर होते. खोलीत आम्हा दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. मग ते "उतरलात?" असं कुणाला म्हणाले? दिवसभर डोक्याला भुंगा लागला आहे. तू वकिलाच्या हाताखाली काम करतेस, तुला असली कोडी सोडवायची सवय असेल.

मॅनेजरसाहेब संत्री घेऊन आले होते. एक कागदही आणला होता, सही करा म्हणाले. मी प्लास्टर दाखवलं. संत्री ठेवून गेले.

तुझी मावशी

*

११ मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. आईला सांगितलेलं नाही. पण फार दिवस लपणार नाही, तिला माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळतं.

आधी महत्त्वाचं. प्लास्टर निघालं तरी त्या कागदावर सही करू नकोस. माझा अंदाज आहे की त्यात "माझ्या चुकीने पडले, माझी काही तक्रार नाही" अशा अर्थाचं काहीतरी असणार. मावशी, तू त्यांच्या कामासाठी, त्यांच्या शिडीवर, कामाच्या वेळात चढली होतीस. तुला भरपाई मिळायला हवी. तू म्हणशील, पडले मी, मागू कुणाकडे. पण शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट म्हणजे गवयाचा गळा. ते पूर्वीसारखं वळलं नाही तर तू काय करणार आहेस?

कामगार आयुक्तांकडे द्यायचा अर्ज आम्ही तयार करतो. वकीलसाहेब त्याचं काही घेणार नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नातले सगळ्यांचे कपडे तू शिवले होतेस, ते त्यांच्या लक्षात आहे.

आता मला सांग, तुझं आणि कुजबुजरावांचं कधी वाजलं होतं का? त्यांना तुझ्या जागेवर कुणाला आणायचं होतं का? मला माहीत आहे, तुला हे आवडणार नाही. पण ज्या माणसाने शिडी काढली तोच खोलीत होता, आणि तोच आपला एकमेव साक्षीदार आहे. तो काय सांगणार, हे आधी कळायला हवं.

तुझी भिंगरी

*

१९ मार्च

चि. भिंगरीस,

तुझ्या प्रश्नाने मला हसू आलं आणि हसल्यावर बरगडी दुखली. कुजबुजराव आणि भांडण? अगं, तो माणूस आयुष्यात मोठ्याने बोललेला नाही. नट विसरला तर शिव्या त्यांनी खायच्या आणि नटाला आठवलं तर टाळ्या नटाच्या, तरी कधी कपाळाला आठी नाही. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. रंगमंचामागच्या खोलीत राहतात. माझ्या जागेवर ते कुणाला आणणार?

काल ते भेटायला आले होते. खुर्चीत बसले ते बसूनच राहिले. मी चहा दिला तर कप घेताना त्यांचा हात आधी टेबलाच्या कडेवरून सरकत सरकत आला, मग कपाला लागला आणि थोडा चहा बशीत सांडला. अपराधीपणाने बावरले होते बिचारे. मी सरळ विचारलं, "राव, तुम्ही त्या दिवशी 'उतरलात' असं कुणाला म्हणालात?" त्यांनी पाणी मागितलं. पाणी दिल्यावर पुन्हा विचारलं, तर नव्या नाटकाचा तिसरा अंक कसा लांबला आहे ते सांगत बसले. जाताना एवढंच म्हणाले की बाई, तुमच्यापुढे यायला मला तोंड नव्हतं.

आता दुसरी बातमी. मॅनेजरसाहेबांना तुमच्याकडची नोटीस मिळाली आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी निरोप पाठवला की कुजबुजरावांना विचारलं आहे आणि ते म्हणतात, "मी काही पाहिलं नाही." म्हणजे पडल्याला साक्षीदार नाही, म्हणजे बाई आपल्याच निष्काळजीपणाने पडल्या.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ते माझ्या बाजूने बोलतील असं मी गृहीत धरलं होतं.

मावशी

*

२३ मार्च

प्रिय मावशी,

वाईट कसलं वाटून घेतेस, राग यायला हवा. समोर माणूस कोसळतो आणि हे म्हणतात काही पाहिलं नाही. नोकरी वाचवण्यासाठी मूग गिळून बसले आहेत, दुसरं काय. मी येत्या रविवारी येते आहे. त्यांना भेटते आणि ती खोलीही बघते. वकीलसाहेब म्हणतात, जागा स्वतः पाहिल्याशिवाय कुठल्याच अपघाताबद्दल मत बनवू नये. माझं मत तर बनून चुकलं आहे, पण बघू.

तुझी भिंगरी

*

३ एप्रिल

प्रिय मावशी,

रविवारी मी तुझी कात्री आणायला म्हणून कपडेपटात गेले, परत आले आणि कुजबुजरावांना न भेटताच संध्याकाळची बस धरून निघून आले. तुला नवल वाटलं असेल. मी पाहिलं ते तुझ्यासमोर बोलण्याआधी मला थोडा विचार करायचा होता.

दारवानाने मला कुलूप काढून दिलं आणि तो फाटकावर परत गेला. मी आत पाऊल टाकलं आणि समोर तू उभी. शिडीच्या शेजारी, कपडेपटातला तुझा निळा एप्रन घालून, डोक्यावरून रुमाल. मी म्हणाले, "अगं, तू कशी आलीस इथे? टाच दुखतेय ना?" मला खरंच वाटलं की माझ्यामागून रिक्षा करून आलीस. तू काही बोलली नाहीस, म्हणून मी जवळ गेले. तर तो पुतळा. कपडे बेतायचा तुझा लाकडी पुतळा. घरी जाताना तू एप्रन त्याच्यावर अडकवतेस आणि रुमाल त्याच्या डोक्यावर टाकतेस, हो ना? आणि त्या दिवशी माळ्यावर चढण्याआधी धूळ लागू नये म्हणून दोन्ही काढून ठेवले असणार.

म्हणजे कुजबुजराव त्याच्याशी बोलले, मावशी. त्यांना वाटलं, तू उतरलीस.

मी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. दारवान म्हणाला, बल्ब कधीचा गेला आहे, मॅनेजरना कितीदा सांगितलं, ते म्हणतात बॅटरी घेऊन जा. खोलीला खिडकी नाही. जिना काढला त्याच्या खुणा भिंतीवर अजून आहेत. तो जिना आता कुठे आहे ठाऊक आहे? पुढच्या दारी, नव्या उपाहारगृहाच्या गच्चीला लावला आहे. त्यावर झाडांच्या कुंड्या ठेवल्या आहेत.

म्हणजे आपली बाजू भक्कम आहे. अंधारी खोली, काढलेला जिना, निसरडी फरशी. यात तुझी चूक कुठेच नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी उजेडातून आले होते, म्हणून दारात फसले. दोन-चार पावलांवर मला पुतळा पुतळ्यासारखा दिसला. कुजबुजराव त्या अंधारात बराच वेळ होते, त्यांचे डोळे सरावले असणार. आणि ते त्याच्या अगदी जवळून बोलले. तू लिहिलं होतंस, कप घेताना त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून सरकत आला. आणि ते म्हणाले, मी काही पाहिलं नाही. मी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता.

मावशी, त्यांना दिसतं का?

भिंगरी

*

९ एप्रिल

चि. भिंगरीस,

पत्र वाचलं आणि काळजात चर्र झालं. एवढी वर्षं मी त्या माणसाशेजारी काम करते आणि हे तुला एका फेरीत कळलं.

आता एकेक गोष्ट आठवते आहे. ते विंगेच्या पायऱ्या भिंतीला खांदा घासत उतरतात, मला वाटायचं गुडघे दुखत असतील. मी नवा पोशाख दाखवला की आधी कापड बोटांत धरून बघतात आणि मग वाखाणतात. मी मनात म्हणायची, काय जाणकार माणूस आहे. आणि प्रॉम्प्टिंग? त्यांच्या मांडीवर वही असते, पानंही उलटतात. काल पडदेवाला भेटायला आला होता. मी सहज विचारल्यासारखं केलं तर तो हसून म्हणाला, कुजबुजराव कधीकधी वही उलटी धरतात, पण वाक्य चुकत नाही. त्याला ती गंमत वाटते. भिंगरी, त्यांना सगळी नाटकं पाठ आहेत. नवं नाटक आलं की तालमी ऐकून पाठ करत असणार.

हे तू अर्जात घालायचं नाहीस. मॅनेजरला कळलं तर न दिसणारा प्रॉम्प्टर तो एक दिवस ठेवणार नाही. खोलीही जाईल, मग त्यांनी जायचं कुठे? माझं मनगट बरं होईल तेवढं होईल. त्यांच्या जिवावर मला भरपाई नको.

आणि हो, कपडेपटात आता ट्यूबलाइट लावली आहे म्हणे. लख्ख उजेड. चला, आपल्या नोटिशीने एवढं तरी झालं.

मावशी

*

१४ एप्रिल

प्रिय मावशी,

ट्यूबलाइटचं वाचून तुला बरं वाटलं आणि मी डोक्याला हात लावला. आता मॅनेजर म्हणणार, खोलीत कायमच असा उजेड होता. दारवानाला मी फोन केला होता. त्याने आता कानावर हात ठेवले आहेत, त्याला लेकरंबाळं आहेत. म्हणजे त्या दिवशी अंधार होता हे सांगायला तुझ्याखेरीज फक्त कुजबुजराव उरले.

पण तुझा एक गैरसमज आहे, तो मी काढून टाकते. यात दोष कुणाचा हे ठरवायचं नसतं, तू कुणाच्या कामावर होतीस हे ठरवायचं असतं. शिडी तुझ्या सहकाऱ्याने चुकून हलवली, तरी ती मालकाचीच जबाबदारी. त्यांच्या तोंडून सत्य आलं तर भरपाई त्यांच्या खिशातून जाणार नाही. नोकरीचं मात्र मी काही सांगू शकत नाही. म्हणून मी त्यांना विचारणार नाही आणि तुलाही विचारायला सांगणार नाही. अर्जात डोळ्यांचा शब्द नाही.

सुनावणीच्या दिवशी आमची इथे दुसरी तारीख आहे, त्यामुळे तुला एकटीलाच जावं लागेल. घाबरू नकोस, विचारतील तेवढं सांग.

फक्त एक प्रश्न, आणि याचा खटल्याशी संबंध नाही. त्यांच्या डोळ्यांना झालंय काय? त्यांनी कधी कुणा डॉक्टरला दाखवलं आहे का?

भिंगरी

*

२ मे

चि. भिंगरीस,

प्लास्टर निघालं. हे उजव्या हाताचं पत्र, पण डाव्याचं बरं होतं असं तुला वाटेल. मनगट दारासारखं एका बाजूलाच उघडतं.

आधी तुझ्या प्रश्नाचं. मी कुजबुजरावांना घरी बोलावलं आणि आडवळण न घेता विचारलं, डोळे दाखवलेत का? ते टेबलाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, त्यांचे वडील याच वयात आंधळे झाले. तेव्हा डॉक्टर काय सांगणार हे त्यांना माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते पुन्हा ऐकायला कशाला जायचं. मी साक्षीबद्दल अवाक्षर काढलं नाही, शपथ. त्यांनीही काढलं नाही.

आता सुनावणी. अधिकारी एक बाई होत्या, साधारण तुझ्या आईच्या वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं, खोलीत उत्तम उजेड आहे, शिडी भक्कम आहे, आणि साक्षीदाराने काही पाहिलेलं नाही. बाईंनी साक्षीदाराला बोलवायला सांगितलं. कुजबुजराव दाराशी बसले होते. ते उठून आले आणि चालता चालता खुर्चीला अडखळले. मी उठायला गेले, तर टाच नडली.

बाई म्हणाल्या, "तुम्ही यांना पडताना पाहिलंत का?"

"नाही."

"तुम्ही तर खोलीतच होता."

"होतो. शिडी मीच काढली." आणि मग ते मोठ्याने बोलले, भिंगरी. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा पूर्ण आवाज ऐकला. चांगला भरदार आवाज आहे. "मला दिसत नाही, बाईसाहेब. उजेडात सावल्या दिसतात, अंधारात तेवढ्याही नाही. त्या दिवशी दिवा नव्हता. हाताला बाईंचा एप्रन लागला आणि मी पुतळ्याला माणूस समजलो."

मॅनेजरसाहेब उठलेच. म्हणाले, बघा, चूक यांची आहे, यांनी ही गोष्ट कंपनीपासून लपवली. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं. मग चौकशी सुरू झाली, आणि काय चौकशी करत होत्या! प्रॉम्प्टरला शिडी धरायला कुणी सांगितलं? मॅनेजरांनी. शिडी धरावी का लागते? फरशी निसरडी आहे म्हणून. पूर्वी वर कसं जात होते? जिन्याने. जिना कुठे आहे? इथे मॅनेजरसाहेब खोकले. मी सांगितलं, त्यावर कुंड्या आहेत. आणि ट्यूबलाइट कधी बसवली, त्याचं बिल आणा, म्हणाल्या. बिल नोटिशीनंतरचं निघालं.

सगळं आटोपल्यावर बाईंनी चष्मा काढला आणि कुजबुजरावांना विचारलं, मग तुम्ही प्रॉम्प्टिंग कसं करता? हा प्रश्न कागदावर घेतला नाही. नुसतंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. ते म्हणाले, ऐकून. नट कुठे श्वास घेतो ते कळतं, चुकीच्या जागी घेतला की समजायचं, आता हा विसरणार.

बाहेर आल्यावर मी त्यांना रागावले. कुणी सांगितलं होतं बोलायला? ते म्हणाले, "बाई, तुम्ही मला डोळ्यांचं विचारलंत, साक्षीचं विचारलं नाहीत. मग मला गप्प बसवेना."

निकाल अजून यायचा आहे. त्यांना कामावरून थांबवलं आहे. खोली महिनाअखेरपर्यंत.

मावशी

*

२० मे

प्रिय मावशी,

निकालाची प्रत आज हातात आली. अर्ज मंजूर. उपचारांचा खर्च, बसून काढलेल्या काळाचा पगार, आणि मनगटात जी कायमची उणीव राहिली तिची भरपाई. शिवाय जिना पुन्हा जागेवर लावायचा आदेश आहे. वकीलसाहेबांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, तुझ्या मावशीने कुंड्यांचं सांगितलं ते बरं केलं.

आईला सगळं सांगितलं. आधी चिडली, मग निकाल दोनदा वाचायला लावला. ती येते आहे, तयारीत राहा.

पण मला निम्मीच बातमी कळली आहे. कुजबुजरावांचं काय झालं? तुम्ही डॉक्टरकडे गेलात का? लवकर लिही, मला चैन पडत नाही.

भिंगरी

*

३० जून

चि. भिंगरीस,

तुझी आई येऊन गेली. मी पथ्याचं रांधलं, तिने खाल्लं.

कुजबुजरावांना मी आणि तुझ्या आईने दोन्ही बाजूंनी धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ते वाटेत सांगत होते की उपयोग नाही. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून दगड झालेले. वडिलांचंही तेच असेल, त्या काळी कुणी दाखवलं नसेल. डाव्या डोळ्याचा पडदा मागून खराब झाला आहे, तो गेलाच. उजव्याची शस्त्रक्रिया केली. पट्टी काढली तेव्हा मी समोर होते. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "बाई, तुमचे केस कधी पांढरे झाले?" मी म्हटलं, तुम्ही लक्ष दिलं नाहीत.

मॅनेजरने दरम्यान एका मुलीला प्रॉम्प्टर म्हणून ठेवलं होतं. चांगली होती पोर, पण तिचं पुरवलेलं वाक्य तिसऱ्या रांगेत ऐकू जायचं आणि नट तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. दोन प्रयोगांनी प्रमुख नटाने सांगितलं, कुजबुजराव नसतील तर मीही नाही. मॅनेजरसाहेबांनी त्यांना परत घेतलं. खोलीही राहिली. मॅनेजरसाहेब माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण नमस्कार करतात.

मी कामावर जाते. बारीक टाका जमत नाही, तो आता धाकटी शिवणारीण घालते आणि मी बेतते. कधी हात अडतो तेव्हा राग येतो. येतो तसा जातो.

काल शिपायांच्या नाटकाचा प्रयोग होता. दिसायला लागल्यानंतरचा कुजबुजरावांचा पहिलाच. वही सरळ धरून विंगेत बसले. मी मागे पोशाख घेऊन उभी होते. दुसऱ्या अंकात राजा बोलता बोलता थांबला. विसरला होता. त्याने हळूच विंगेकडे पाहिलं. विंगेतून काही येईना. मी वाकून बघते तर कुजबुजराव वही मांडीवर टाकून मंचाकडे बघत होते, तोंड उघडं, लहान मुलासारखे. किती वर्षांनी त्यांनी तो रंग, ते दिवे, मी शिवलेल्या डगल्यांवरची पितळी बटणं पाहिली असतील. राजा घामाघूम झाला होता. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं.

मला त्यांना ढोसायला हवं होतं. हात उचललाही. पण मी थोडं थांबले, भिंगरी. राजाला काय, तो उभा राहील जरा.

तुझी मावशी